जिन्यातल्या दाराची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, निवृत्त कर्नल, सध्या एका कंपनीची संरक्षण-खरेदी सल्लागार, राहणार ह्याच घराच्या वरच्या मजल्यावर, चष्मा पुसून आणि फोन बंद करून लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. झडपेचा डोक्याशी संबंध नाही ना, हे मी डॉक्टरांना मुद्दाम विचारले. ते म्हणाले, "तुमच्या बाबतीत नाही." ह्या वाक्याचा अर्थ मी अजून लावते आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. होता तो मुलीचा, आणि तो मृत्युपत्र करू नये म्हणून होता.

ह्याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. नोकरीत असताना एक छापील कागद भरून दिला होता, पण तो सगळेच भरतात, आणि त्यात मत मांडायला जागा नव्हती.

हा मसुदा वकीलबाईंनी तपासला आहे. त्या माझ्या मुलीच्या वर्गमैत्रीण. एरवी मला काकू म्हणतात आणि फी सांगताना कर्नलसाहेब म्हणतात. मी प्रत्येक कलमापुढे 'अनिवार्य' किंवा 'असल्यास उत्तम' असे लिहिले होते. जन्मभर खरेदीचे कागद लिहिले, निवृत्तीनंतर तेच कागद कंपनीला वाचून दाखवले, त्यामुळे हाताला वळणच तसे पडले आहे. वकीलबाई म्हणाल्या, "काकू, हे मृत्युपत्र आहे, निविदा नाही. माणूस गेल्यावर 'असल्यास उत्तम' असं काही नसतं." मी ते शब्द सगळीकडून खोडले. एका कलमात ठेवले आहेत आणि तिथे ते राहतील.

कलम १. घर

आईवडिलांच्या मागे हे घर आम्हा दोन भावंडांत वाटले गेले. खालचा मजला धाकट्याचा, वरचा माझा. धाकटा म्हणजे माझा भाऊ. तोही सैन्यातून कर्नल म्हणूनच निवृत्त झाला, पण पायदळातून, म्हणून स्वतःला खरा कर्नल समजतो आणि पुरवठ्याच्या कामातली म्हणून मला सामानसुमानवाली. वाटणी एका बैठकीत झाली. वकील लागला नाही, आवाज चढला नाही, उलट 'वरचा तू घे, तुला उजेड लागतो' असे तोच म्हणाला होता.

वरचा मजला, त्यातल्या भांड्यांसह आणि पुस्तकांसह, मी माझ्या मुलीला देते. न्हाणीघरातला गरम पाण्याचा नळ उलटा फिरतो, हे तिला माहीत आहे. भाडेकरू ठेवला तर त्याला सांगावे. वर यायला मागच्या बाजूने लोखंडी जिना आहे. तो उभा आहे आणि पायऱ्या अरुंद आहेत. झडपेचे कळल्यापासून डॉक्टरांनी मला तो जिना बंद केला आहे, त्यामुळे मी बरेच दिवस खाली उतरलेली नाही. जग खिडकीतून बघते.

घराच्या आतून जाणारा जुना, रुंद, चांगला जिनाही आहे. त्याच्या वळणावर एक दार आहे आणि ते बंद असते. त्या दाराचे कलम वेगळे आहे. वाचणाऱ्याने उड्या मारू नयेत.

कलम २. बँकेतली शिल्लक

मुलीला. हिशेब सरळ आहे.

कलम ३. गाडी

जावयांना. गाडी कुरकुरते, पण जावईही कुरकुरतात, दोघांचे जमेल. गंमत सोडली तर हा मनुष्य मला मनापासून आवडतो. माझ्या घरी पहिल्यांदा जेवायला आला तेव्हा भीत भीत त्याने विचारले होते, "तुम्ही म्हणजे बंदुका विकता का?" मी म्हटले, "नाही, स्ट्रेचर." त्यावर तो पुढचे दोन तास स्ट्रेचरबद्दलच विचारत राहिला. दांडी पोकळ का असते, कापड कसले, माणूस घसरत कसा नाही. मुलगी वैतागून उठून गेली. ज्या माणसाला स्ट्रेचरची दांडी पोकळ का असते हे जाणून घ्यावेसे वाटते, त्याच्याबरोबर मुलगी सुखात राहील हे मी त्याच दिवशी ओळखले.

कलम ४. कामाच्या वस्तू

ताणकाटा, लोखंडी मोजपट्टी, जाड तळाचे बूट आणि वारा मोजायचे छोटे यंत्र ह्या वस्तू कंपनीतल्या इंजिनिअर पोरीला द्याव्यात. तिला मी 'शंकेखोर' म्हणते. बूट तिला मोठे होतील, दोन मोजे घालावेत.

माझे काम नेमके काय, हे माझ्या शेजाऱ्यांना आजवर कळलेले नाही. त्यांना वाटते, निवृत्त अधिकारी कंपनीत जातो तो ओळखी घेऊन. जातात काही. मी कोणाच्या दारात मिठाईचा डबा घेऊन उभी राहिलेली नाही, आणि माझ्या हाताखाली शिकलेल्या अधिकाऱ्यांना मी चहालाही बोलावत नाही. माझे काम वाचण्याचे आहे. सैन्याला एखादी वस्तू हवी असली की तिचे मागणीपत्रक निघते. कंपनीतली हुशार पोरे ते वाचतात आणि चक्रावतात, कारण त्यात लिहिलेले असते की वस्तू हलकी हवी, भक्कम हवी, घडी होणारी हवी, बर्फात आणि वाळूत सारखीच चालणारी हवी. असे स्ट्रेचर जगात कुठेच मिळत नाही. शंकेखोर मला विचारते, "हे लिहिणाऱ्यांनी स्ट्रेचर कधी पाहिलं नाही का?" पाहिलेले असते. पण चार कंपन्यांची माहितीपत्रके समोर ठेवून प्रत्येकातला सगळ्यात चांगला आकडा उचललेला असतो. मग मी तिला शिकवते की 'साधारणतः' असा शब्द दिसला म्हणजे तिथे दोन अधिकाऱ्यांचे जमले नव्हते, आणि 'शक्यतो' असे दिसले म्हणजे साहेबांना ते हवे होते आणि बाकी कोणाला नको होते. ज्या ओळीत असला एकही शब्द नाही, तिथे कोणीतरी प्रत्यक्ष माणूस उचलून नेलेला आहे. ती ओळ पाळायची. हे ज्ञान मी तिला आधीच देऊन टाकले आहे, म्हणून मृत्युपत्रात वेगळे दाखवलेले नाही.

कलम ५. भेटपत्रांचा डबा

माझ्या नावाची उरलेली सगळी भेटपत्रे, म्हणजे व्हिजिटिंग कार्डे, ब्रिगेडियरसाहेबांना द्यावीत. हे गृहस्थ एकाच वेळी बूट, तंबू, दुर्बिणी आणि ड्रोन अशा सगळ्या कंपन्यांचे सल्लागार आहेत आणि सगळीकडे एकच भाषण करतात. भाषणात ते एका टेकडीवर उभे असतात आणि टेकडी दर वर्षी उंच होते. एका परिषदेत मी त्यांना विचारले, "ती टेकडी नेमकी कुठली?" कुतूहल म्हणूनच विचारले होते. त्यावर त्यांनी साऱ्या टेबलासमोर म्हटले, "बाईसाहेब, सामान पोहोचवणाऱ्यांना टेकड्या दिसत नाहीत." सगळे हसले. मी तेव्हा गप्प बसले, त्याची चुटपुट अजून आहे. भेटपत्रांच्या मागच्या बाजू कोऱ्या आहेत. टेकडीचे नाव आठवले तर त्यांनी तिथे लिहावे. माझ्या मागे माझ्याबद्दल भाषण करायची त्यांना परवानगी नाही.

कलम ६. नमुन्याचे स्ट्रेचर

गॅलरीत घडी करून ठेवलेले स्ट्रेचर कंपनीचे नाही, माझ्या पैशाने शिवून घेतलेले आहे. ते आगीच्या बंबाच्या ठाण्यात द्यावे. उघडताना डाव्या बिजागरीत बोट चेमटते. हा दोष आम्ही पुढच्या नमुन्यात काढला.

कलम ७. धाकटा आणि दार

आता मुख्य.

माझ्या मागे लोक म्हणतील की बहीण-भावाचे भांडण होते. मुलगीच म्हणते, "आई, सगळ्यांना वाटतं तुमचं काहीतरी बिनसलंय." मी म्हणते, "अगं, भांडण असतं तर बोललो नसतो का?" आमचे भांडण नाही. कधीच नव्हते. हे मी कायद्याच्या कागदावर लिहिते आहे, म्हणून तरी लोकांनी विश्वास ठेवावा.

झाले ते असे. मी निवृत्त झाले, खासगी कंपनीत जाण्याआधी सक्तीने थांबायची मुदत संपली आणि ह्या कंपनीने मला स्ट्रेचरसाठी घेतले. पुढे धाकटा निवृत्त झाला, त्याचीही मुदत संपली, आणि त्याला दुसऱ्या एका कंपनीने घेतले. कशासाठी? स्ट्रेचरसाठीच. निविदा एकच. दोन कंपन्या आणि त्यांचे दोन सल्लागार एका घरात, एका जिन्यावर. दोन्हीकडच्या कायदेवाल्यांच्या तोंडचे पाणी पळाले. त्यांनी आमच्याकडून प्रतिज्ञापत्र मागितले की निविदा चालू असेपर्यंत आमच्यात माहितीची देवाणघेवाण होणार नाही आणि दोन मजल्यांमध्ये आतून ये-जा नसेल.

दुसऱ्या कोणी असल्या कागदावर सही करून कानाडोळा केला असता. आम्ही दोघे सैन्यातले. सही केली म्हणजे केली. धाकट्याने सुतार बोलावला, मी लाकूड निवडले, आणि जिन्याच्या वळणावर दार बसले. दोन्ही बाजूंना कडी. म्हणजे दोघांनीही उघडल्याशिवाय ते उघडणार नाही. मागचा लोखंडी जिना तेव्हाच बांधला. खर्च निम्मा निम्मा केला. दार फार सुबक झाले होते, आणि आम्ही दोघे दोन बाजूंनी त्याचे कौतुक करत उभे होतो. ते आमचे शेवटचे मोकळे बोलणे.

सुरुवातीला ठरले होते की फक्त कामाचे बोलायचे नाही. पण आम्हा दोघांना कामाशिवाय बोलता येते कुठे? मी अंगणात विचारले, "पाठ कशी आहे?" तो म्हणाला, "दुखते." मला लगेच कळले की ह्यांचा नमुना जड आहे आणि हा स्वतः उचलून बघतो आहे. मी घाबरून घरात आले. दुसऱ्या दिवशी त्याने विचारले, "कुठं निघालीस ताई?" आणि मग स्वतःच जीभ चावली, कारण मी निघाले होते ती कापडाच्या गिरणीत. तेव्हा आम्ही ठरवले की निविदेचा निकाल लागेपर्यंत बोलणेच बंद. आम्हाला वाटले, पावसाळ्यापर्यंतचा प्रश्न आहे.

ती निविदा अजून चालू आहे. मागणीपत्रक बदलले. समितीचे अध्यक्ष बदलून गेले, नवे आले, त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. चाचण्या झाल्या, रद्द झाल्या, पुन्हा झाल्या. घोंगडे इतकी वर्षे भिजते आहे की मूळ रंग कोणाला आठवत नाही. आणि आम्ही दोघे आपापल्या कडीच्या आत, शब्द पाळत बसलेलो.

एकमेकांना दिसलो की मान हलवतो. तो खाली खोकतो, ते मला ऐकू येते. मी वर बादली सरकवते, ते त्याला ऐकू येत असणार. भावजय माझ्याशी व्यवस्थित बोलते, पण निरोप न्यायला तिने पहिल्याच दिवशी नकार दिला. "ताई, मी टपाल नाही," म्हणाली. "दार तुम्ही दोघांनी केलंय, तुमचं तुम्ही बघा." तिचे बरोबर होते. तिला मी माझा दिवाणखान्यातला मोठा दिवा देते, तिला तो आवडतो.

आता मला ज्या गोष्टीने छळले आहे ती सांगते. मधल्या एका फेरीत दोन्ही कंपन्यांची स्ट्रेचरे एकाच मैदानात चाचणीला होती. मी एका टोकाला, धाकटा दुसऱ्या टोकाला. त्यांचे स्ट्रेचर उघडले तेव्हा मी दुर्बीण लावली. नियमात बसते, समोर मांडलेली वस्तू बघायला बंदी नाही. त्याच्या डाव्या बाजूला, झोपलेल्या माणसाचा हात जिथे येईल तिथे, एक कापडी पट्टी होती. मऊ, दोन बोटे रुंद, दोन्ही टोके दांडीला शिवलेली, मध्ये सैल. मागणीपत्रकात असली पट्टी कुठेही नाही. मला ते पाठ आहे.

काय असेल ती? सलाइनची बाटली अडकवायला म्हणावे, तर ती फार खाली. माणूस बांधायला म्हणावे, तर एकाच बाजूला कशी? ओळखीचे चिठोरे लावायला असती, तर इतकी मऊ कशाला? ओढून न्यायला असती, तर पहिल्या हिसक्यात तुटली असती. मी शंकेखोरलाही विचारले. ती म्हणाली, "शोभेची असेल." धाकट्याने आयुष्यात शोभेची वस्तू विकत घेतलेली नाही. लग्नातसुद्धा त्याने शाळेतले बूट घातले होते.

आणि पुढचे ऐका. त्या पट्टीमुळे त्यांचे स्ट्रेचर वजनात किंचित जास्त भरले. मागणीपत्रकात वजनाला सूट नव्हती. समितीने सांगितले, पट्टी कापा आणि पुन्हा तोला. कात्री समोर होती. त्याच्या कंपनीचा माणूस कात्री घेऊन पुढे झाला आणि धाकट्याने त्याचा हात धरला. काय बोलला ते ऐकू आले नाही. पट्टी तशीच राहिली आणि ते नापास झाले. मग एकटीच कंपनी उरली म्हणून ती फेरीच रद्द झाली, आणि निविदा पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे एका पट्टीपायी आमचे मौन आणखी लांबले. असे काय होते त्या पट्टीत? जो माणूस कपड्यांच्या बटणांचेही वजन करतो, त्याने पट्टीसाठी सगळा डाव सोडावा?

मी विचारू शकले नाही. प्रतिज्ञापत्र होते. आता मला पहिल्यांदाच भीती वाटते. मरणाची नाही, ते कधीतरी आहेच. भीती ही की झडप बिघडली तर मी हे न कळताच जाईन, आणि त्याच्याशी न बोलता जाईन. हे दुसरे जास्त आहे. लिहायला लाज कसली.

म्हणून, दोन मजल्यांमधले दार, चौकट, बिजागऱ्या आणि माझ्या बाजूच्या कडीसह, मी माझ्या धाकट्या भावाला देते. माझ्या मृत्यूनंतर प्रतिज्ञापत्राचा प्रश्न उरत नाही. मेलेल्या सल्लागाराला माहिती देणे हा कुठल्याच कायद्यात गुन्हा नाही, हे वकीलबाईंकडून तपासून घेतले आहे. त्याने पुढील गोष्टी कराव्यात.

अनिवार्य: दार काढून टाकणे. मुलीला वर-खाली मोकळेपणी जाता आले पाहिजे आणि भावजयीच्या गुडघ्यांना लोखंडी जिना झेपत नाही.

असल्यास उत्तम: दार काढल्यावर त्याने एकदा वर यावे, माझ्या रिकाम्या खुर्चीसमोर बसावे आणि ती पट्टी कशासाठी होती ते मोठ्याने सांगावे.

ह्याच कलमात एक जुने उणेही नोंदवते. लहानपणी हा गच्चीच्या कठड्यावरून पडला आणि पाय मोडून घेतला. तेव्हा स्ट्रेचर कुठले? शेजाऱ्यांनी न्हाणीघराचे दार बिजागरीतून उचकटले, त्यावर ह्याला आडवा केला आणि चौघे दवाखान्यात घेऊन निघाले. मी बरोबर चालत होते. ह्याने माझ्या नव्या पिवळ्या फ्रॉकचा पट्टा मुठीत धरला तो सोडेचना. मी ओढला, रागावले, शेवटी दवाखान्याच्या पायरीवर तो शिवणीतून फाटला. बोलणी मी खाल्ली. आई म्हणाली, "नवा कोरा फ्रॉक, लक्ष कुठं होतं तुझं?" ह्याचा पाय बरा झाला, फ्रॉकला पट्टा पुन्हा लागला नाही. ह्या प्रकरणी त्याने आजवर माफी मागितलेली नाही. मी आता माफ करते, पण नोंद राहू द्यावी.

कलम ८. व्यवस्था

ह्या सगळ्याची अंमलबजावणी मुलीने करावी. जावयांना प्रश्न विचारू द्यावेत.

सही करताना घडलेल्या गोष्टीची पुरवणी

वरचा मजकूर संपवून मी सहीला बसले, तेव्हा जे झाले ते वकीलबाईंच्या सांगण्यावरून इथे जोडते.

साक्षीदार दोन लागतात. एक कोपऱ्यावरचे औषधवाले, ते वेळेवर आले. दुसरे कंपनीतले शिवणमास्तर यायचे होते. त्यांचा फोन आला की गाडी वाटेत बंद पडली आहे. वकीलबाईंना दुपारी कोर्टात जायचे होते. त्या खिडकीत जाऊन खाली वाकून म्हणाल्या, "खाली कोणी मोठं माणूस आहे का? फक्त सही करायची आहे, वाचायचं काही नाही!"

मी त्यांना थांबवायच्या आत जिन्यावर पावले वाजली. लोखंडी जिन्यावर नव्हे, आतल्या. मग दारावर टकटक झाली.

मी उठले. डॉक्टरांनी सावकाश उठायला सांगितले आहे, मी सावकाश उठले नाही. जिना उतरून वळणापर्यंत गेले. कडी गंजली होती, औषधवाल्यांनी हात लावला. माझ्या बाजूची कडी निघाली आणि दार लगेच उघडले.

धाकटा उभा होता. वाचायचा चष्मा कपाळावर, हातात पेन. जवळून पाहिला तो म्हातारा झालेला. दोघेही वकीलबाईंकडे पाहू लागलो, जणू पंच त्याच.

घाईत वकीलबाई खालचा मजला कोणाचा हे विसरल्या होत्या, तो कोण हे त्यांना तेव्हा उमगले. त्या म्हणाल्या, "थांबा, थांबा. तुम्ही सही करू शकता, पण मग तुम्हाला ह्यातलं काही मिळणार नाही. ज्याला वारसा आहे त्याने साक्ष दिली, की त्याचं कलम बाद होतं. तुमच्या नावाने ह्यात काहीतरी आहे."

"काय आहे?" धाकट्याने वकीलबाईंना विचारले. माझ्याकडे न बघता. प्रतिज्ञापत्र पाळत होता गाढव.

वकीलबाईंनी माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. त्यांनी कलम सात त्याला दिले. त्याने तिथेच, पायरीवर बसून वाचले. मला त्याचा चेहरा दिसत नव्हता, टक्कल दिसत होते. मग त्याने चष्मा काढला आणि इतक्या वर्षांनी माझ्याशी बोलला.

"ताई, तू मेल्यावरचं मला काही नको. मी साक्षीला सही करतो."

"निविदा?" मी म्हटले.

"ती आपल्या दोघांना पुरून उरणार आहे. अजून कळलं नाही का तुला?"

"मग पट्टी..." मी म्हटले, आणि तो तोंड उघडणार एवढ्यात मी हात वर केला. "थांब. सांगू नकोस. आधी राजीनामा."

औषधवाले म्हणाले, "अहो कर्नलबाई, आता तरी!" पण धाकटा हसला. त्याला पटले. त्याने फोन काढला, मी वरून माझा मागवला, आणि आम्ही एका पायरीवर शेजारी बसून आपापल्या कंपनीला कळवले की आजपासून आम्ही सल्लागार नाही. मजकूर मी सांगितला, त्याने दोन चुका काढल्या. एक खरी होती.

"गेला?" मी विचारले.

"गेला. तुझा?"

"गेला. आता सांग."

तो पायरीवरची धूळ बोटाने बाजूला करत राहिला. "तू इथं लिहिलंयस की," तो म्हणाला. "सगळं लिहिलंयस आणि तरी विचारतेस. तुझ्या फ्रॉकचा पट्टा, ताई. दुसरं काय?"

मला कळेना.

"आडवं केलं ना, की माणसाला नुसतं आभाळ दिसतं," तो म्हणाला. "उचलणाऱ्यांचे पाय दिसत नाहीत, रस्ता दिसत नाही, कुठं नेतायत कळत नाही. हात रिकामे असतात. मी माझी किती जखमी पोरं डोंगरावरून खाली आणली, सगळी काहीतरी धरायला बघायची. कोणी उचलणाऱ्याची विजार धरायचा, कोणी दांडी, मग बोटं चिरडायची. मला त्या दिवशी तुझा पट्टा होता. तो हातात होता तोवर मी रडलो नाही, आठवतं? फाटला तेव्हा रडलो."

मला आठवत होते. मला वाटले होते पाय दुखला म्हणून रडला. मी रडू लागले, आणि आवरले नाही. वकीलबाई डोळे पुसत होत्या. औषधवाल्यांनी शिस्तीत माझी नाडी धरली.

थोड्या वेळाने मी विचारले, "मग समितीला हे सांगितलं का नाहीस? लिहून द्यायचं होतंस."

"लिहिलं होतं. त्यांनी विचारलं, कुठल्या मानकाप्रमाणे? काय सांगू, ताईच्या?"

मग मी सही केली, दोन्ही साक्षीदारांच्या देखत, आणि त्यांनी माझ्या देखत.

पुरवणीने झालेला बदल: धाकट्याने साक्ष दिल्यामुळे कलम सात त्याच्यापुरते बाद झाले आहे. दाराला आता वारस नाही. ते मृत्युपत्रातून काढून घेतले आहे, कारण सुतार उद्या सकाळी येतो आहे. शस्त्रक्रियेला मी आतल्या जिन्याने उतरून जाणार आहे. मला चालता येते. पण गॅलरीतल्या स्ट्रेचरला डाव्या बाजूने पट्टी शिवून द्यायचे धाकट्याने कबूल केले आहे, आणि बंबवाल्यांना ते तसे शिवूनच द्यावे. वजन वाढले तर वाढले.

ठिकाण: जिन्याचे वळण, दार उघडे.
दिनांक: शस्त्रक्रियेच्या आधीच्या आठवड्यातला बुधवार, दुपार.

(सही) कर्नल, निवृत्त. सल्लागार, आजपासून माजी

साक्षीदार पहिले: (सही) औषधवाले, कोपऱ्यावरचे दुकान

साक्षीदार दुसरे: (सही) धाकटा भाऊ, खालचा मजला. ह्या मृत्युपत्राने ह्याला काहीही मिळत नाही. वाचून, समजून, बहिणीच्या शेजारी बसून सही केली आहे.